घळीकडची घंटा

१

हिमवादळ सुटलं की घंटा वाजवायची, हा आमच्या माळावरचा नियम. स्तारी कूत गावात तो पाळायचं काम एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. मी अवेर्की फोमिच, इथल्या चर्चमध्ये प्रार्थनेची पोथी वाचणारा वाचक. सणावारी घंटा वाजवायला दहा जण पुढे येतात, कारण तेव्हा लोक बघत असतात. वादळातली घंटा कोणासाठी वाजवतोय तेच दिसत नाही, त्यामुळे ती माझ्या गळ्यात पडली. बाहेर कोणीतरी वाट चुकलं असेल असं धरून चालायचं आणि दोर ओढत राहायचं. कधी दोन तास, कधी दोन दिवस.

घंटाघराच्या तळाशी एक खोली आहे, चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. कोपऱ्यात लोखंडी शेगडी, एक बाक, संत निकोलाची काजळलेली तसबीर आणि उत्तरेकडे हातभर खिडकी. छताच्या भोकातून दोर खाली येतो, तो वर थेट लोलकाला बांधलेला. तरुणपणी घोड्यावरून पडलो तेव्हापासून माझा उजवा खांदा अधू आहे. म्हणून माझे दोन टोले भरीव पडतात आणि तिसरा पडका. आसपासच्या चार गावांत माझा हात लोक न बघता ओळखतात, आणि याचा मला गर्व होता, तो मी नाकारत नाही.

एकोणीस वर्षांत माझ्या घंटेवर सतरा माणसं जिवंत आत आली. त्यांतल्या एकानं पुढच्याच आठवड्यात चर्चमधला पितळी दिवा चोरला. तरी मी त्याला सतरात धरतो. दुसरं कुठलं चांगलं काम माझ्या नावावर नाही.

मला एकच मुलगी, अग्निया. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून आम्ही दोघंच. तिला शिकवलं, आणि ती चार कोसांवरच्या लीपोव्का गावात शाळेवर शिक्षिका झाली. फेब्रुवारीत तिचं पत्र आलं. मास्लेनित्साच्या, म्हणजे मोठ्या उपवासाआधीच्या धिरड्यांच्या सणाच्या सुटीला गुरुवारी सकाळी नऊला निघते, आपल्या गावचा नीकोन गाडीवान आणायला येतोय, बारापर्यंत पोचेन, धिरड्यांचं पीठ मी आल्यावरच भिजवा, तुम्ही ते नेहमी पातळ करता. मी पत्र वाचलं आणि मुद्दाम आदल्या रात्रीच पीठ भिजवून ठेवलं, चिडवायला.

२

गुरुवारी सकाळी आभाळ लख्ख होतं. दहाला वारा फिरला, आणि साडेदहाला मला माझ्याच अंगणाचं कुंपण दिसेना. ती नऊला निघाली असणार, म्हणजे आता ऐन माळावर. मी कोट चढवला आणि भिंतीला हात लावत लावत घंटाघरात पोचलो. पहिल्या तासात मी इतक्या जोरात दोर ओढला की तळहात सोलले.

अकराच्या सुमारास कपितोन इल्यिच आत शिरला. हा आमच्या दवाखान्याचा कंपाउंडर. शहरातून जाडजूड मासिकं मागवतो, देव मानत नाही, आणि घरची शेगडी धुरावली की देवाच्या शेगडीशी येऊन बसतो. त्यानं बूट काढले, पाय शेकायला धरले आणि नेहमीचं पुराण सुरू केलं. म्हणाला, हा माळ हजार वर्षांपूर्वी असाच होता आणि हजार वर्षांनी असाच असेल, त्याला माणूस आणि लांडगा सारखाच. तुम्ही घंटा वाजवता ती बाहेरच्यांसाठी नाही, स्वतःला भीती वाटू नये म्हणून. एरवी मी त्याच्याशी भांडतो. त्या दिवशी एवढंच म्हटलं की आज अग्निया रस्त्यावर आहे. त्यानं आपले हातमोजे काढून माझ्या बाजूला बाकावर ठेवले. माणूस वाईट नाही.

हातमोजे चढवायला मी दोर सोडला. चार-पाच श्वासांचा वेळ गेला असेल. तेवढ्यात बाहेरून टोले आले. दोन भरीव आणि तिसरा पडका.

मला आधी वाटलं, दोर हलता राहिला असेल. बघितलं तर दोर सरळ लोंबत होता. कपितोननं पाय शेगडीवरून खाली घेतले. आवाज उत्तरेकडून आला होता, घळीकडून.

घळीचं सांगायला हवं. लीपोव्काचा रस्ता घळीच्या काठानं येतो आणि आमच्या चर्चपासून थोड्या अंतरावर गावाकडे वळतो. वळणावर उजवीकडे गेलं की गाव, डावीकडे गेलं की चाळीस हात खोल खड्डा, हिवाळ्यात मऊ बर्फानं काठोकाठ भरलेला. तिथं घर नाही, झाड नाही, घंटा टांगायला खांबसुद्धा नाही.

३

कपितोन म्हणाला, प्रतिध्वनी. मी म्हटलं, एकोणीस वर्षांत तो कधी आला नाही, आणि पडत्या बर्फात प्रतिध्वनी येत नसतो हे शाळेतलं पोरही सांगेल. तो म्हणाला की हवेचे थर असतात, आणि तुम्हाला भौतिकशास्त्र कळत नाही. हे दोन्ही त्यानं खिडकीकडे बघत सांगितलं.

मी परत वाजवायला लागलो. आता कान तिकडेच लागले होते. माझा टोला पडला की त्याच्या पोटातच दुसरा पडायचा, इतका चिकटून की वेगळा ऐकू येऊ नये. म्हणजे तो केव्हापासून वाजत होता कोण जाणे. मी थांबलो नसतो तर मला कळलंही नसतं.

मग मी चाल बदलली. एकेक टोला, मध्ये मोठं अंतर. पहिले तीन टोले माझे एकट्याचे पडले. चौथ्याला तो आला. मी चारचे जलद टोले सुरू केले, दोन फेऱ्यांत त्यानं तेही उचलले. मी डाव्या हातानं ओढलं, माझा हात वेडावाकडा पडला, तोही तसाच पडला. वादळ, लांडगे, मरण, या सगळ्यांची भीती मला आयुष्यात वाटली आहे, पण ही निराळी होती. कोणीतरी माझं काम शिकत होतं, आणि शिकायला त्याला काही कष्ट पडत नव्हते.

कपितोन फार हळू बोलला. "अवेर्की फोमिच, वळणावर उभ्या माणसाला यातली कुठली आधी ऐकू येईल?"

ते मला कळत होतं. वळणापासून चर्च त्या मानानं लांब आहे आणि घळ पावलावर आहे. शिवाय अग्निया माझा हात ओळखते. ती दुसऱ्या कुठल्या घंटेवर जाणार नाही, माझ्याच घंटेवर येईल. आणि माझी घंटा आता दोन ठिकाणी वाजत होती.

मी म्हटलं, मी बाहेर जातो, कंदील घेऊन वळणावर उभा राहतो. दार उघडलं आणि दहा पावलं गेलो. अकराव्या पावलाला मला दार कुठल्या बाजूला आहे ते सांगता येईना. कपितोननं दारात उभं राहून घमेलं बडवलं म्हणून परत आलो. बारा वाजून गेले होते.

४

खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. वादळात कधी कधी वारा श्वास घेतो, तेव्हा पडदा क्षणभर विरतो. मी दोर ओढत होतो आणि नजर खिडकीवर होती. तसा तो एकदा विरला.

घळीच्या जागी मला एक उघडं दार दिसलं. आत शेगडीचा तांबूस उजेड. त्या उजेडात एक हात वर जात होता आणि खाली येत होता. कोपर जरासं बाहेर काढून, खांदा वाचवत. हाताच्या मागे माणूस असणार, तो मला दिसला नाही. दारासमोरच्या बर्फावर बरेच बूट ठेवलेले होते, नीट जोडीनं, आत पाहुणे आल्यावर ठेवतात तसे.

मग परत पांढरं झालं. मी कपितोनला विचारलं, पाहिलंस? तो खिडकीशीच उभा होता. तो परत बाकावर जाऊन बसला आणि काही कारण नसताना आपले बूट घालायला लागला.

मी तेव्हा काय विचार केला ते लपवणार नाही. मला वाटलं, सतरा माणसं म्हणून मी ज्याची शेखी मिरवतो, ते सगळं या दारासाठी होतं. बाकीचे, जे कधीच आले नाहीत आणि उन्हाळ्यातही सापडले नाहीत, ते माझ्याच टोल्यांवर तिकडे गेले. चांगलं काम करणाऱ्याच्या मागे कोणीतरी उभं राहून तेच काम करतं, हुबेहूब करतं, आणि मग चांगलं उरतच नाही. हे खरं असेल तर जगात कोणी कोणाला हाक मारू नये, हेच बरं.

"तुम्ही थांबून बघा," कपितोन म्हणाला. "मघाशी तुम्ही सोडलंत, त्यानंतर त्यानं तीनच टोले दिले. तुम्ही थांबलात की तोही थांबतोय."

"आणि अग्निया?"

"नीकोनची घोडी या रस्त्यानं शंभर वेळा आली आहे. घंटा ऐकू येत नाही म्हटल्यावर तो लगाम सोडेल आणि घोडी आपोआप गोठ्याकडे येईल. सगळे गाडीवान तेच करतात. ऐकू येतंय म्हणून तर तो तिला ओढून भलतीकडे नेईल."

यात चूक कुठं होती? मी आजवर शोधतोय. घोडी खरंच गोठ्याकडे येते. गाडीवान खरंच लगाम सोडतात. मी दोर हातातून सोडला. घळीकडून दोन टोले आले, तिसरा पडका आला, आणि मग बंद.

५

त्या शांततेबद्दल मला फार सांगता येत नाही. वारा होता, शेगडी होती, पण मला ते ऐकू येत नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि दोर माझ्या समोर, तोंडापासून हातभर अंतरावर. कपितोन पाच-पाच मिनिटांनी घड्याळ काढायचा. एकदा म्हणाला, बघा, थांबलं की नाही. त्याच्या आवाजात थोडा आनंद होता, प्रयोग बरोबर आल्याचा.

एक वाजला. दोन वाजले. मी दोनदा उठलो आणि दोराला हात लावला. दोन्ही वेळा मला ते दार दिसलं आणि तिच्या बुटांची जोडी त्या रांगेत दिसली. दोन्ही वेळा बसलो. ती पोचली असेल नीकोनच्या गोठ्यात, चहा पीत असेल, असं स्वतःला सांगत राहिलो. काही वेळानं ते मला खरं वाटू लागलं. घरी भिजवलेलं पीठ बघून ती काय बोलेल, तेही मी ठरवून टाकलं.

साडेतीनला वारा पडला. असा पडला की बर्फाचे शेवटचे कण सरळ खाली आले. खिडकीतून घळ दिसली, स्वच्छ, रिकामी, कडेपर्यंत गुळगुळीत. तिथं काही नव्हतं. मला सुटल्यासारखं झालं आणि मी छातीवर क्रुसाची खूण केली. मग आम्ही दार उघडलं.

६

बर्फगाडी चर्चच्या दारापासून दीडशे पावलांवर उभी होती. वळण मागे टाकून, बरोबर रस्त्यावर, तोंड आमच्याकडे. घोडी उभ्या उभ्या मेली होती. नीकोन गाडीतल्या गवताखाली दोन घोंगड्यांत गुंडाळलेला होता आणि त्याच्यात धुगधुगी होती. अग्निया गाडीच्या पुढे, सहा-सात पावलं चर्चच्या बाजूला होती, गुडघ्यांवर बसलेली. शाल तिनं दोन्ही कानांवरून मागे सारली होती, नीट ऐकू यावं म्हणून.

कपितोननं तिच्या मानेवर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत. मी तिची शाल परत कानांवर ओढत होतो. ती बसत नव्हती, केस गोठले होते. मला आठवतं, मी तिला रागवत होतो.

नीकोनची सात बोटं गेली. तिसऱ्या आठवड्यात तो बोलायला लागला आणि त्यानं मला बोलावून घेतलं. मी त्याला एकच विचारलं, किती घंटा ऐकू येत होत्या.

"दोन," तो म्हणाला. "वळणावर मी घाबरलो. दोन्ही तुमच्याच हाताच्या, एक घळीकडून. मी ताईंना म्हटलं, आता कुठं जायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, बाबा कुठले ते कळत नाही का? ऐका ना, इकडचा दमतोय. तिकडचा दमत नाही. आणि खरंच, अवेर्की फोमिच, एकदा सांगितल्यावर मलाही कळलं. तुमचा टोला मिनिटामिनिटाला जड होत होता. दुसरा पहिल्यासारखाच. आम्ही तुमच्या टोल्यावर सरळ आलो."

"मग?"

"मग दोन्ही थांबल्या. मी म्हटलं, लगाम सोडतो, घोडी नेईल. ताई म्हणाल्या, नाही, घंटा थांबली की एक पाऊल उचलायचं नाही, असं बाबांनी शिकवलंय. ते दोर बदलत असतील. आत्ता परत लागेल. अंधुक दिसत होतं, दिसत नव्हतं. मला घोंगड्या दिल्या, म्हणाल्या, तुम्ही म्हातारे आहात. आणि पुढे जाऊन ऐकत उभ्या राहिल्या. मी अधूनमधून विचारायचो, लागली का? त्या म्हणायच्या, आत्ता लागेल."

ते मीच शिकवलं होतं. ती सात वर्षांची होती, या खोलीत बाकावर बसून पाय हलवत होती. घंटा थांबली की जागचं हलू नकोस, मी लगेच परत वाजवीन, असं मी तिला सांगितलं होतं. वाजवणारा एवढ्याशा गोष्टीवर शब्द देतो आणि विसरतो.

कपितोन हल्ली सांगतो की त्यानं त्या दिवशी प्रतिध्वनीशिवाय काही ऐकलं नाही. मी खिडकीचं काढलं तर उठून जातो.

७

मार्चच्या मध्यावर पुन्हा वादळ आलं. मी ठरवलं होतं की जायचं नाही. घरात दार लावून, डोक्यावर मेंढीचं कातडं घेऊन पडलो. गावातलं कोणी बोलवायलाही आलं नाही. लोकांना माझी दया येत होती, आणि दया आली की ते लांब राहतात.

सकाळचे नऊ असतील. कातड्याखालीसुद्धा मला ते ऐकू आलं. दोन भरीव आणि तिसरा पडका, न चुकता, न थांबता. या वेळी त्यानं माझी वाट बघितली नव्हती. आणि गावात मी सोडून कोणाला ते वेगळं वाटलं नसतं. शेजारची बाई घरातून ओरडून नवऱ्याला सांगत होती की बघ, गेला बिचारा, वाजवतोय.

मी उठलो. घंटाघराच्या खिडकीवर गोणपाट ठोकलं, चार खिळे मारले आणि दोर धरला. तिकडच्या टोल्यांत माझे टोले मिसळले. तो नक्कल करतोय की मी, हे आता विचारण्यात अर्थ नव्हता. मी तासन् तास ओढलं. खांदा पेटला, तिसरा टोला पडत पडत जवळजवळ उरलाच नाही. पूर्वी मला त्याची लाज वाटायची आणि मी अंगातलं सगळं बळ लावून तो सावरायचो. त्या दिवशी सावरला नाही.

दोन वाजता दार ढकललं गेलं आणि एक शेतकरी आणि त्याची बायको आत पडली. भुवयांवर बर्फ, ओठ फुटलेले. खालच्या जिल्ह्यातली माणसं, मला अनोळखी. तो शेगडीशी जाऊन नुसता थरथरत राहिला. तिनं आधी तसबिरीला नमस्कार केला, मग माझ्या पायांशी वाकली आणि म्हणाली, ज्यानं आज आम्हाला आणलं त्याच्या लेकरांना देव शंभर वर्षं आयुष्य देवो. मी दोर ओढत होतो. तिला काय माहीत असणार. मी मान हलवली.

मग तिनं सांगितलं की त्यांचा थोरला मागच्या गाडीत आहे. वळणावर त्यांची चुकामूक झाली. पोरगा हट्टी आहे, पण कान तिखट आहेत त्याचे, तुम्ही तेवढं थांबू नका. मी म्हटलं, नाही थांबत. कपितोन मघाशीच येऊन दारात उभा होता. तो पुढे आला, म्हणाला, द्या, थोडा वेळ मी ओढतो. मी त्याला दिला नाही. त्याचा खांदा चांगला आहे.

चार वाजले, पाच वाजले. गोणपाटामागे उजेड कमी व्हायला लागला, तिकडचा टोला सकाळसारखाच ताजा होता, आणि थोरला अजून आला नव्हता. बाई दाराला कान लावून उभी होती. तिनं माझ्याकडे वळून भीत भीत विचारलं, तुम्ही फार दमलात का हो. मी म्हटलं, हो, दमलोय. आणि परत दोर ओढला.